सोनवणे सर, त्यांचे उंदीर आणि अडलेला प्रबंध

किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. दोन घरांत एकच भिंत असावी, ती ठेकेदारानं पातळ बांधलेली असावी, आणि पलीकडं उंदरांवर पीएचडी करणारा माणूस राहायला यावा. बस! मग दर आठवड्याला एक तरी किस्सा इकडं झिरपतोच. माझ्याकडं तर इतके साठलेत की एक सांगायला घेतला की बाकीचे शर्टाला धरून ओढतात, "आधी मला सांग, आधी मला!"

मी रंगनाथ. पाचोडकडचा. बाप मेंढरांमागं हिंडला, मी वाळूजच्या शिफ्टमागं. शाळा नववीपर्यंत. रबराचे पाइप बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला होतो. आमची कौसल्या म्हणायची, "तुमचा एक कान घरात अन एक सोनवण्यांच्यात." तिचं चुकायचं. दोन्ही तिकडंच असायचे.

सोनवणे सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. घरात ते आणि त्यांच्या आई, ज्यांना आख्खी कॉलनी मावशी म्हणायची. वडील मोंढ्यात हमाल होते. एके दिवशी पोती उचलता उचलता पोट धरून बसले. गॅस असेल म्हणून कुणी सोडा पाजला. संध्याकाळपर्यंत गेले. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटली होती, हे घरच्यांना मागाहून कळलं. ती का फुगते, हेच सर उंदरांत शोधत होते.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं घोळ नको. हे वडील विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रत्येक मोर्चात चालले होते. अंगात सदरा अन पायात चप्पल असो नसो. म्हणून सरांनी ठरवलेलं, डिग्री घ्यायची तर नव्या नावाच्या विद्यापीठाची. प्रबंध लिहून तयार झाला तरी नाव यायचं होतं. तवर सर काही तो देईनात. तिकडं नोंदणीची मुदत संपत यायची. ती हुकली की सगळी मेहनत वाया!

*

एकदा मी न राहवून विचारलं, "सर, आत नेमकं होतं तरी काय?"

सर म्हणाले, "हृदयातून एक जाड नळी निघते, पोटातून खाली येते. काही माणसांची ती एका जागी फुगते. दुखत नाही, खुपत नाही. वर्षानुवर्षं फुगत राहते आणि एक दिवस फुटते."

"म्हणजे आमचा पाइपच की!" मी ओरडलो. आमच्या कारखान्यात पाइपात पाणी भरून प्रेशर द्यायचं. जिथं भिंत कच्ची, तिथं फुगा येतो. आणखी दिलं की फाट्‌!

सरांचे डोळे चमकले. "भाऊ, मला दाखवाल?"

सुपरवायझरला विचारून घेऊन गेलो. सर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. टेस्टिंगच्या हौदाशी उभे राहिले, फुगलेल्या पाइपावरून असा हळू हात फिरवला, जसं ताप आलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात. सुपरवायझर लांबून बघत होता. त्याला वाटलं, हा गिऱ्हाइकाच्या कंपनीचा इन्स्पेक्टर! तो धावत चहा-बिस्किटं घेऊन आला.

"साहेब, हा लॉट एवढा बी खराब नाय. चांगले पाइप निवडून वेगळे देतो."

"नको नको," सर म्हणाले, "चांगले मला काही उपयोगाचे नाहीत. फुटलेलेच द्या."

सुपरवायझरच्या हातातला कप हवेतच राहिला! पुढं कधी लॉट रिजेक्ट झाला की तो मला हाक मारायचा, "रंगनाथ, तुझ्या त्या साहेबाला विचार रे, घेतो का!"

*

उंदरांच्या नळ्या आपोआप थोड्याच फुगतात? त्यासाठी सर त्यांच्या खाण्यात स्वीट पीच्या बिया दळून मिसळायचे. स्वीट पी म्हणजे ते बंगल्यांच्या कुंपणावर चढतं ते फुलझाड. जांभळी, गुलाबी फुलं, वासाला एकदम झकास. पण बियांत असं काही असतं म्हणे की नळीची वीण सैल पडते.

छावणीतल्या नर्सरीवाल्याकडून सर ह्या बिया घ्यायचे. नेहमी मोठी पिशवी भरून. नर्सरीवाला खूश! एक दिवस मी सोबत होतो, तेव्हा त्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, बगिचा लई मोठा दिसतोय तुमचा. एकदा बघायला येऊ का?"

"बगिचा कुठला? दोन खोल्या आहेत."

"आं? मग एवढ्या बिया?"

सर आपल्याच तंद्रीत होते. म्हणाले, "खायला."

नर्सरीवाल्यानं पिशवी दिली, पण त्या दिवसापासून तो सरांना नमस्कार जरा लांबूनच करायचा.

त्यातल्या मूठभर बिया मावशींनी दारात लावल्या. फुलं आली, शेंगा धरल्या. आमच्या कौसल्येला वाटलं, मटार! पदरात भरून घरात आणल्या अन सोलायला बसली. सरांनी खिडकीतून पाहिलं आणि एका पायात चप्पल घालून धावत आले.

"वहिनी, थांबा! हे उंदरांचं आहे!"

कौसल्या भडकली. "सर, एक डाव शेंगा तोडल्या तर उंदीर म्हणता व्हय मला?"

समजूत काढता काढता सरांना घाम फुटला. शेवटी मावशींनी घरच्या तुरीच्या शेंगा आणून दिल्या, तेव्हा मिटलं. पण कौसल्येनं जाता जाता सुनावलंच, "जे खायचं नाय ते माणसानं दारात लावू नये!"

*

पोटातल्या फुग्याची गोष्ट कॉलनीभर मीच केली. आता नाही म्हणून काय उपयोग? शिफ्टच्या बसमध्ये सांगितली, पानटपरीवर सांगितली. कुणी तरी विचारलं, "कळतं कसं?" मी म्हणालो, "आडवं पडायचं, बेंबीच्या वर दाबायचं. धकधक लागली की समजायचं."

झालं! रविवारी सकाळी सरांच्या दारात ही रांग. कारखान्यातली सगळी सडपातळ पोरं, बनियन वर करून, चेहरे पांढरे.

"सर, माझं उडू लागलंय!"

"सर, माझं तर हातालाच ढकलू लागलंय!"

सर कपाळाला हात लावून बसले. "अरे बाबांनो, बारीक माणसाला ते लागतंच. ती नळी चालू आहे, म्हणून लागतं. नळी रुंद झाली का, ते बघायचं असतं. आणि ते बघायचंच असेल तर आधी त्या बिड्या फेका, मग माझ्या दारात या!"

एकेक जण तोंड उजळून गेला. शेवटी राहिले रशीदभाई. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी त्यांचं टेलरिंगचं दुकान. माणूस चांगला भरभक्कम, पोट त्यांच्या आधी टेबलाशी पोहोचायचं. ते दिवाणावर पडून दोन्ही हातांनी पोट दाबत होते, दाबत होते. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"सर, सब कू लगा. मेरे कू तो कुछ लगताच नै! बंद पड गई क्या?"

सर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. गंभीर चेहऱ्यानं त्यांची नाडी धरली अन म्हणाले, "रशीदभाई, चालू आहे. फक्त जरा खोलवर चालू आहे."

त्याच दिवशी बायकांना कळलं की हा आजार जास्त करून पुरुषांना होतो, उंदरांतही नरांचीच नळी जास्त फुगते. कौसल्या म्हणाली, "बायांना फुगायला येळ हाय व्हय?"

*

त्या वर्षी नावावरून पुन्हा तापलं. शहरात कर्फ्यू लागला. माणसं दारं लावून बसली. सर मात्र अंगणात येरझाऱ्या घालत होते. उंदीर कॉलेजात, खाणं संपलेलं, आणि शिपाई शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकलेला.

"एक दिवस उपाशी राहिले तर मरतील काय?" मी विचारलं.

"मरणार नाहीत. पण मग नळी बियांमुळं फुगली का उपासामुळं, हे मी कुणाच्या तोंडानं सांगू?"

मला जायचं काहीच कारण नव्हतं. म्हणून गेलो.

नाक्यावर हवालदारानं काठी आडवी केली. "कुठं?"

"उंदरांना खायला घालायला," सर म्हणाले.

हवालदारानं आधी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सकाळपासून मी पाण्याचा घोट घेतला नाय. आन तुम्ही मस्करी करू लागलात?"

सरांनी पिशवी उघडून दाखवली, ओळखपत्र दाखवलं. तरी त्याला पटेना. शेवटी तो म्हणाला, "चला. मी सोबत येतो. उंदीर निघाले नाय तर दोघांला आत टाकतो!"

उंदीर निघाले! पिंजऱ्यांच्या ओळीच्या ओळी. सर दाणा घालू लागले. हवालदार टोपी काढून वाकून वाकून बघत होता. चांगला रमला. तेवढ्यात त्याचं लक्ष शेपट्यांकडं गेलं. अर्ध्या उंदरांच्या शेपटीला निळ्या शाईचा पट्टा.

"हे निळे कोण?"

"हे बिया खाणारे."

"आन हे बिनरंगाचे?"

"हे साधं खाणारे. दोघांत फरक काय पडतो ते बघायचंय."

हवालदारानं दाराकडं पाहिलं, आवाज खाली आणला, अन हात जोडून म्हणाला, "सर, एवढे दोन दिवस जाऊ द्या. तवर ह्यांला हिरवा, पिवळा, कोणचा बी लावा. पण निळा पुसा हो!"

*

माझा मेहुणा पाचोडहून आला होता. जमीनजुमला असलेला माणूस, मनानं वाईट नाही, पण तोंडाला दार नाही. सरांकडं चहाला नेलं, अन बसल्या बसल्या त्यानं विषय काढला. "सर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा. नाव बदलून कुणाच्या ताटात काय पडणार?"

मावशींच्या माहेरी नावाच्याच पायी घरं जळली होती. मेहुण्याला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, म्हणून मी कपात तोंड घातलं ते वर काढलंच नाही. मावशी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. स्टो घेतला होता सरांनी, पण भाकरी चुलीवरचीच लागायची त्यांना.

मावशींनी विचारलं, "पाव्हणं, लेकरं किती तुम्हाला?"

"दोन पोरं हायेत."

"बारसं केलं व्हतं?"

"केलं की! धडाक्यात."

"नाव ठेवून त्यांच्या ताटात काय पडलं?"

मेहुणा डोकं खाजवून म्हणाला, "त्यांच्या नाय पडलं. पण गावाला घुगऱ्या वाटल्या."

"मग आमी बी वाटू की," मावशी म्हणाल्या अन भाकरी उलटली. "या तुमी तवा."

मेहुणा गावाकडं निघाला. मोटारीत चढताना मला म्हणाला, "भाऊजी, त्या बाईनं जेवायला बी वाढलं राव."

*

आता कुलकर्णी मॅडम. सरांच्या गाइड. शिडशिडीत बाई, पांढरी सुती साडी, स्कूटर अशी चालवायच्या की कुत्री आधीच बाजूला व्हायची. मुदत संपत आली की त्यांची स्कूटर सरांच्या दारात. मग मला भिंतीला कान लावायचीही गरज नसायची.

"सोनवणे, प्रबंध कधीचा वाचून, तपासून दिलाय मी! तुमच्या उंदरांना पणतवंडं झाली. तुम्ही कधी देणार?"

"देतो, मॅडम."

"कधी?"

पलीकडं खुर्ची करकरायची.

"रीडरची जागा गेली. तुमच्या मागून आलेले पुढं गेले. नाव उद्या येईल, दहा वर्षांनी येईल, येणारही नाही! तुम्ही काय पिंजऱ्यातच म्हातारे होणार?"

"मॅडम, वडील असते तर..."

"वडील असते तर तुमचा कान पिळला असता!"

मग कागदाचा आवाज. मुदतवाढीच्या अर्जावर सही. "ही शेवटची! पुन्हा सही मागायला येऊ नका."

दर वेळी शेवटची. आणि सर कधी सही मागायला गेलेलेच नसायचे, ह्याच आलेल्या असायच्या. जाताना दारातून मावशींना हाक, "आई, तुमचा मुलगा फार हट्टी आहे हो!"

"बापावर गेलाय," मावशी म्हणायच्या. "चहा घेऊन जा."

कॉलनीत सगळ्यांचं मत एकच. ह्या बाईला नामांतर नको आहे, म्हणून एवढी घाई. मीही चारचौघांत तसंच बोलायचो.

*

आणि नाव आलं! संक्रांतीचा दिवस होता. रशीदभाईंनी दुकान बंद करून पेढे वाटले. जुनं नाव तसंच ठेवून नवं जोडलेलं, म्हणून ह्याला नामांतर म्हणायचं का नामविस्तार, ह्यावर टपरीवर वाद झाला. मावशींनी सगळ्यांना तिळगूळ दिला अन पहिल्यांदा, आमच्या डोळ्यांदेखत, पदरात तोंड लपवून बसल्या. सर घरात नव्हते. उंदरांना खायला घालायची वेळ झाली होती.

चार दिवसांत मॅडमची स्कूटर दारात.

"आता?"

"आता, मॅडम."

पण सुटलो, असं नव्हतं. प्रबंध गेला, तपासला गेला, आणि तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक येणार असं कळलं. फार कडक माणूस. प्रबंध परत पाठवण्याबद्दल प्रसिद्ध! सरांचं जेवण सुटलं. पलीकडून मावशींचा आवाज यायचा, "दोन घास खा रे राजा."

ही परीक्षा कुणालाही बघता येते, हे मला कळलं. मला कळलं म्हणजे कॉलनीला कळलं! आख्खी कॉलनी हजर. शिफ्ट बदलून आलेली पोरं, कौसल्या, नवी साडी नेसलेल्या मावशी, रशीदभाई अत्तर लावून. हॉलमधले प्राध्यापक आमच्याकडं बघत राहिले.

परीक्षकांनी पहिला प्रश्न टाकला. "एकाच पिंजऱ्यातले उंदीर, खाणं एकच. तरी एकाची रक्तवाहिनी फुगते, शेजारच्याची फुगत नाही. का?"

सर म्हणाले, "कारण एक नसतं, सर. भिंत कच्ची असावी लागते, आतून दाब असावा लागतो, आणि वर्षानुवर्षं बारीकसारीक झीज चालू असावी लागते. तिन्ही जमले की फुगते. कुणात ते जमतात आणि कुणात नाही, ते पूर्ण मलाही कळलेलं नाही."

रशीदभाईंनी आयुष्यात मुशायरे तेवढे ऐकलेले. ते उठले, शेर पुन्हा म्हणायला लावतात तसा उजवा हात वर केला, "वाह! मुकर्रर, मुकर्रर!"

आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! परीक्षकांनी चष्म्यावरून असं बघितलं की मागच्या रांगेतले दोघं बाहेरच गेले. सरांचे कान लाल झाले.

प्रश्न होत गेले. सर उत्तरं देत गेले. आम्ही हात मांडीखाली दाबून बसलो. शेवटी परीक्षक नुसतीच पानं उलटत राहिले. एका फोटोवर थांबले.

"काम चांगलं आहे. पण हे फोटो, हे निष्कर्ष, सगळं फार पूर्वीच संपलेलं दिसतंय. मुदतवाढ मात्र पुन्हा पुन्हा घेतलीय. प्रत्येक अर्जात एकच वाक्य, 'काम चालू आहे.'" त्यांनी पान मिटलं. "सोनवणे, कोणतं काम चालू होतं?"

खरं सांगावं तर अर्ज खोटे ठरणार. खोटं बोलावं तर ते सरांना जमणारं नव्हतं. मावशींनी कौसल्येचा हात धरला.

सर उभे राहिले. "सर, त्याचं खरं कारण..."

"वाचन चालू होतं," मागून आवाज आला. कुलकर्णी मॅडम उठल्या होत्या. "माझं. प्रबंध माझ्याकडं पडून होता."

परीक्षकांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं?"

मॅडमनी खांद्यावरचा पदर सारखा केला. सरांकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी हळू वाचते."